अण्णांच्या हाताचा थर

लेकीनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं फाटकातच हातात ठेवलं, तेव्हा वहिनींना वाटलं, पोरीनं येताना काहीतरी खायला आणलंय. पण पुडकं दगडासारखं जड होतं आणि कागदातून डांबराचा वास येत होता.

"हे काय गं?"

"छप्पर." लेक हसली नाही. तिच्या केसांत धूळ होती, गुडघे काळेकुट्ट झाले होते. उजाडल्यापासून ती शिडी लावून वर होती. "म्हणजे धुलाईघराच्या छपराच्या वरचं. इस्त्रीखात्यावरच्या छत्रीतून कापून काढलं. उघडून बघ."

वहिनींनी कागद बाजूला केला. आत वीतभर उंचीचा काळा ठोकळा होता. डांबर, त्याखाली गोणपाट, पुन्हा डांबर, पुन्हा गोणपाट. एकावर एक, दाबून बसलेले थर. अगदी तळाला काँक्रीटची करडी कपची चिकटून आली होती.

"हे एवढं वर बसलंय?"

"सगळ्या छत्र्यांवर. आजोबांनी चार बोटं जाडीचं छप्पर केलं होतं, आई, आणि हिशेबानं केलं होतं. मी दोनदा तपासलं. त्याच्या डोक्यावर आपण हे चढवत गेलो. पाणी खाली जायची तोंडंही डांबरानं बुजलीत, त्यामुळे वर डबकी साठतात, ते वजन वेगळंच. छप्पर कच्चं नव्हतं गं. इतकी वर्षं हे सगळं घेऊन ते उभं राहिलं, याचंच मला नवल वाटतंय."

वहिनी त्या ठोकळ्याकडे बघत राहिल्या. लेक पुढे काहीतरी बोलत होती, पण त्यांच्या कानांत दुसराच आवाज होता. लग्न होऊन त्या या घरात आल्या ते वर्ष. सासऱ्यांना, अण्णांना, जाऊन एक वर्ष झालं होतं. शेवटच्या आजारात अण्णा सासूबाईंना म्हणाले होते, "छपराला ओल लागू देऊ नकोस." तेवढंच. त्या शब्दाचा सासूबाईंनी नेम केला. दरवर्षी त्यांच्या तिथीला छपराला डांबर. त्या पहिल्या वर्षी डांबरवाला वरून ओरडून म्हणाला होता, "बाई, जुनं खरवडून काढू का आधी?" खाली उभ्या असलेल्या सासूबाईंनी मान वर केली. मग हळूच म्हणाल्या, "नको. त्यांच्या हाताचा थर आहे तो. त्याच्यावरच लाव." नवी सून म्हणून वहिनी चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभ्या होत्या. सासूबाईंचं नवऱ्यावर किती प्रेम होतं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढच्या वर्षी डांबरवाल्यानं विचारलंच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तो डांबरवालाच बदलला.

"हे आजीला दाखवायचं नाही," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"छपराचं वय झालं म्हण. काँक्रीट जुनं झालंय म्हण. कारण विचारलं तर एवढंच सांग."

"आई, अगं, आज सह्या व्हायच्यात! कारण नाही सांगितलं तर बाबा ऐकतील?"

"तुला माहीत नाही. तिनं त्या छपराला देवासारखं जपलंय. या वयात तिला हे सांगायचं?"

लेकीनं कागद पुन्हा गुंडाळला. "खोटं लिहून मी देणार नाही. तोंडानं गप्प बसेन फार तर. तुझ्यासाठी." आणि पुडकं आईच्याच पिशवीत टाकून ती आत गेली.

धुलाईघर बंद पडून दीड वर्ष झालं होतं, तरी आत अजून साबणाचा आणि गरम कापडाचा वास रेंगाळत होता. यंत्रं गेली होती. त्यांच्या पायांचे फिकट चौकोन फरशीवर उरले होते. आता त्या रिकाम्या जागेत काय दिसायचं तर छप्पर. आठ खांब, आणि प्रत्येक खांब वर जाऊन चारी अंगांनी पसरलेला, जशी वाऱ्यानं उलटी झालेली छत्री. दोन छत्र्यांच्या मध्ये काचेची पट्टी, तिथून उजेड खाली यायचा; चादरीवरचा बारीकसा डागही त्यात लपत नसे. पाऊस छत्रीच्या पोटात जमायचा आणि खांबातल्या नळीनं जमिनीखाली निघून जायचा. अण्णांनी हे उभं केलं तेव्हा लोक लांबून बघायला यायचे आणि हसून जायचे. उलट्या छत्रीवाले, हे नाव या घराला तेव्हापासूनचं. आठवी छत्री, इस्त्रीखात्यावरची, एका कोपऱ्यात खाली झुकली होती. तिच्याखाली लाकडी टेकू होते आणि भोवती दोरी बांधलेली होती.

कपड्यांच्या घड्या घालायच्या लांब टेबलाशी सगळे बसले होते. सासूबाई मधोमध, खांद्यावर करडी शाल, हात मांडीवर. त्यांचा पहाटेचा नेम कधी चुकत नसे: आंघोळ, प्रार्थना, मग इथं येऊन पहिल्या खांबाला हात लावायचा आणि परत जायचं. आजही तो झाला होता. समोर दादा, वहिनींचे यजमान, कागदांची फाइल उघडून. त्यांच्या शेजारी धाकटा, सकाळच्याच गाडीनं दुसऱ्या गावाहून आलेला, कपड्यांवर प्रवासाच्या सुरकुत्या.

"चहा घे आधी," सासूबाई त्याला म्हणाल्या.

"घेतो. पण दादाच्या तोंडाकडे बघितलं की चहा आपोआप गार होतो."

"चेष्टा पुरे," दादा म्हणाले. मग लेकीच्या गुडघ्यांकडे बघून त्यांचा आवाज चढला. "तू वर गेली होतीस? एकटी? झुकलेल्या छपरावर?"

"दोरी बांधून गेले होते, बाबा."

"दोरी बांधून!" दादांनी फाइल बंद केली आणि पुन्हा उघडली. "हे बघा. पालिकेची नोटीस सरळ आहे. दुरुस्त होत असेल तर इंजिनिअरचं पत्र द्या, नाहीतर पाडा. बिल्डर पाडायचंही बघणार आहे, जागाही घेणार आहे. जागा तिघांच्या नावावर. धाकट्यानं सही केलीय. आईनं केली की मी करतो, आणि सुटलो."

"त्या डॉक्टरीणबाईंचं काय?" वहिनींनी विचारलं.

"त्यांचं काय?"

काय ते सगळ्यांना माहीत होतं. गेल्या आठवड्यात त्या येऊन गेल्या होत्या. त्यांची संस्था कृत्रिम पाय बनवते आणि ज्यांना ते बसवले त्यांना चालायला शिकवते. सध्या शिकवायची जागा म्हणजे दोन खोल्यांमधला बोळ. बाईंनी या दालनात आल्याबरोबर चपला काढल्या आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अनवाणी चालून आल्या. "फरशीला उतार आहे का?" त्यांनी विचारलं. वहिनी ओशाळल्या; धुण्याचं पाणी वाहून जावं म्हणून ठेवलेला उतार, तो बुजवून देता येईल, म्हणाल्या. "बुजवू नका हो! सपाट फरशीवर शिकलेला माणूस पहिल्याच दिवशी रस्त्यावर पडतो. मला हाच उतार पाहिजे." मग त्या खांबाला टेकून वर बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. इथं कुणाला भिंतीला धरून चालावं लागणार नाही, एवढंच बोलल्या. आणि जाताना म्हणाल्या, छप्पर उभं राहील असं कुणी जबाबदारीनं लिहून दिलं, तर आम्ही येतो.

"लिहून कोण देणार?" दादा म्हणाले. "ही आपली इंजिनिअर देणार? बोल बाई. काय निघालं वर?"

सगळे लेकीकडे बघायला लागले. लेकीनं आईकडे बघितलं. वहिनींनी मान किंचित हलवली.

"काँक्रीट... जुनं झालंय," लेक म्हणाली आणि पुढे बोलायची थांबली.

"झालं! आणखी काय पाहिजे?" दादांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आणि जुनं नाही गं पोरी, मुळातच चुकलेलं. शेजारची गोदामं याच्याहून जुनी आहेत, ती नाही झुकली. अण्णांना हौस होती. चार बोटांचं छप्पर, लोकांनी बघावं म्हणून. मी कधी बोललो नाही, आज बोलतो. त्या घडी घालणाऱ्या बाईच्या खांद्यावर वरून ढलपा पडला, तेव्हा तुमच्यातलं इथं कोण होतं? मी होतो. मी उचललं तिला. ती अजून केस विंचरायला हात वर नेऊ शकत नाही. हौस माझ्या बापाची आणि खांदा तिचा गेला. त्या दिवसापासून मी या छपराखाली मान वर करून उभा राहिलेलो नाही."

धाकट्यानं कप खाली ठेवला.

दादा एवढं बोलल्याचं वहिनींनी लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं एका घरात काढून, हा माणूस रोज वडिलांच्या फोटोसमोरून मान खाली घालून का जातो, ते त्यांना आज कळत होतं. त्या समजत होत्या, आदरानं.

सासूबाई जराशानं बोलल्या. आवाज नेहमीसारखाच, हळू, कुणाला झोपेतून उठवू नये असा. "त्यांच्या हातून चुकलं असेल, तर ते आणखी कुणाच्या अंगावर पडायला नको. पेन दे."

दादांनी पेन दिलं. सासूबाईंनी टोपण काढलं, कागद जवळ ओढला. सही कुठं करायची ते दादांनी बोटानं दाखवलं. त्या वाकल्या आणि थांबल्या. नुसत्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. आणि वहिनींना दिसलं की ही बाई जमीन विकायची सही करत नाहीये. ज्या माणसाच्या एका वाक्यावर तिनं अख्खं वैधव्य रचलं, तो माणूस चुकला होता, असं ती लिहून देतेय. आपण तिला ज्याच्यापासून वाचवायला निघालो होतो, त्याहून हे कितीतरी वाईट.

"थांबा आई," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून पुडकं काढलं, टेबलावर ठेवलं, कागद बाजूला केला. "अण्णांचं चुकलेलं नाही. पोरीला मीच गप्प बसवलं होतं. आता बोल गं. जे मला सांगितलंस ते सगळं बोल."

लेकीनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज आधी अडखळला, मग मोकळा झाला. हे छप्पर किती वजन घ्यायला केलेलं होतं आणि किती घेत होतं. पाण्याची तोंडं कशी बुजली. कडा कशी झुकली, सळ्या कशा गंजल्या आणि ढलपा का सुटला. आजोबा दरवेळी जुना थर पूर्ण काढून मगच नवा लावत असणार, म्हणून त्यांचा थर एवढा पातळ आहे. सासूबाई ठोकळा जवळ घेऊन बघत होत्या. चष्मा वर करून, अगदी नाकाशी धरून.

"हा तांबूस," त्या म्हणाल्या. "त्या साली डांबर भेसळीचं आलं होतं. मी डांबरवाल्याला रागावले होते." बोट खाली सरकलं. "ही पांढरी रेघ. गोणपाट कमी पडलं, म्हणून आपलीच जुनी चादर घातली. तू फाडून दिली होतीस." हे वहिनींना. बोट आणखी खाली सरकत गेलं, आणि काँक्रीटच्या कपचीवर, नखाएवढ्या जाड, काचेसारख्या गुळगुळीत काळ्या रेघेवर येऊन थांबलं.

"हा त्यांचा."

त्यांनी नखानं ती हलकेच चाचपली.

दादा उठले होते. ते जाऊन झुकलेल्या छत्रीसमोर, दोरीच्या अलीकडे, पाठ करून उभे राहिले. "म्हणजे इतकी वर्षं," ते तिकडेच बघत म्हणाले, "इतकी वर्षं मी अण्णांना बोल लावला."

"आता मला लाव," सासूबाई म्हणाल्या.

"आई!" धाकटा म्हणाला. "अगं, तुला काय माहीत होतं? तू काय इंजिनिअर होतीस?"

"गप्प बस रे. मला माहीत नव्हतं हे खरं. आणि डांबरवाल्यानं विचारलं होतं, हेही खरं. मला त्यांच्या हाताचं पुसायचं नव्हतं. म्हणून छपरावर ओझं ठेवलं." त्या जरा थांबल्या. "त्या बाईच्या खांद्यावर माझा नेम पडला. मी जाणार आहे तिच्याकडे. काय बोलायचं ते मला ठाऊक नाही, पण जाणार आहे."

"मी येते तुमच्याबरोबर," वहिनी म्हणाल्या.

सासूबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता, त्यामुळे वहिनींना ती पेलवेना.

"तुला सकाळीच कळलं होतं."

"हो."

"आणि लपवणार होतीस."

"तुम्हाला त्रास नको म्हणून, आई."

"तेही डांबरच की गं," सासूबाई म्हणाल्या.

वहिनींनी वर्तमानपत्राचा चुरगळलेला कागद उगाच सरळ करायला घेतला. सासूबाईंनी हात पुढे करून त्यांच्या मनगटावर ठेवला, क्षणभरच, आणि मग नातीकडे वळल्या.

"हे सगळं काढलं तर उभं राहील?"

"राहील, आजी. आधी कडांखाली नीट टेकू द्यायचे. मग थोडं थोडं काढायचं, चारी बाजूंनी सारखं. एकीकडचं आधी काढलं, तर तोल जाऊन उलट तडकेल. मग गंजलेल्या सळ्या, मग पाण्याच्या वाटा. आठवीला वेळ लागेल. बाकीच्या लवकर होतील. मी लिहून देते. सहीनिशी."

"आणि हा?" नखाएवढ्या त्या काळ्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं.

आता सांगायलाच हवं, हे लेकीला कळत होतं. "तोही काढावा लागेल, आजी. खाली ओल कोंडलीय, काँक्रीट श्वास घेऊ शकत नाहीये."

काचेच्या पट्टीतून आलेला उजेड टेबलावर सरकत आला होता. सासूबाईंचे ओठ हलत होते. प्रार्थना असेल किंवा नसेल. वहिनींनी ऐकायचा प्रयत्न केला नाही. शेवटी सासूबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि पेन दादांच्या फाइलवर ठेवून दिलं.

"काढ," त्या म्हणाल्या. "सगळं काढ."

"आणि ही माझी सही?" धाकटा म्हणाला. "मी तर करून बसलोय."

"तुझ्या एकट्याच्या सहीनं काय छप्पर पडतंय?" सासूबाई म्हणाल्या, आणि तो हसला, पण हसता हसता त्यानं डोळे पुसले. मग जरा वेळानं म्हणाला, "दादा, त्या डॉक्टरीणबाईंना मी फोन करू का? तू म्हणशील तर."

दादा दोरीला धरून वर बघत होते. झुकलेल्या कोपऱ्याकडे, मग तिथून खांबाकडे, मग पलीकडच्या सरळ, न झुकलेल्या छत्र्यांकडे, एकेका छत्रीकडे. मान वर केलेली होती. वहिनींनी आपल्या नवऱ्याची हनुवटी त्या दालनात एवढ्या वर कधी पाहिली नव्हती. कितीतरी वेळानं ते परत आले, फाइल उचलली, आतला कागद काढला, घडी केली आणि खिशात घातली.

"बिल्डरला मी सांगतो," ते म्हणाले. "पण मला एकदम काही विचारू नका. मला वेळ लागेल."

"लागू दे," सासूबाई म्हणाल्या.

"टेकू कधी लावायचे?" दादांनी लेकीला विचारलं. तिच्याकडे न बघता, काहीतरी शोधल्यासारखं खिसे चाचपत.

"सोमवारी माणसं मिळतील. आधी सरळ छत्रीपासून सुरुवात करू. पहिल्या खांबापासून."

"काढायला सुरुवात होईल तेव्हा मला बोलवा," सासूबाई उठत म्हणाल्या. "मी खाली उभी राहीन."

"खाली कुणीच थांबायचं नाही, आजी. काम चालू असताना आत कुणी नाही."

"मग बाहेर उभी राहीन. फाटकातून दिसतं."

"दिवसभर चालेल ते. उन्हात उभं राहून काय करणार तुम्ही, आई?" वहिनी म्हणाल्या.

सासूबाईंनी शाल सारखी केली. "काय करणार? बघणार. लावताना दरवर्षी बघितलं, काढतानाही बघायला नको?"

दादा एव्हाना दारापर्यंत पोचले होते. ते वळले नाहीत.

"फाटकाशी खुर्ची टाकून ठेवतो," ते म्हणाले.